हजार वर्षांचा ठराव

माझी मोठी बहीण इंदू एकतीस वर्षांनी माझ्या घरी आली आणि दिलेलं पाणी तसंच हातात धरून म्हणाली, "वामन, ह्यायचं नाव मंडळीत परत लिहून घे."

शनिवार होता. पांढुर्ण्याहून सौंसरला येणाऱ्या बसमध्ये शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी असते. एकाहत्तर वर्षांची बाई फाट्यापर्यंत उभ्यानं आली होती. मी म्हटलं, बाई, आधी बस तरी. ती बसली, पण ग्लास न पिता खाली ठेवला. मला तेवढ्यानंच थकायला झालं. अलीकडे मला थकायला फार काही लागत नाही.

"ह्यायचं" म्हणजे माझे भाऊजी, शालिकराम. पांढुर्ण्याला शाळामास्तर होते, तीन वर्षांपूर्वी गेले. नाव परत लिहायचं म्हणजे काय, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. आम्ही बॅप्टिस्ट ख्रिस्ती. आजोबांच्या काळात घराचा बाप्तिस्मा झाला, नावं मात्र जुनीच राहिली, त्यामुळे रविवार उजाडेपर्यंत आम्ही ख्रिस्ती आहोत हे कोणाला पटत नाही. सौंसरला आमची छोटी मंडळी, म्हणजे चर्च, आहे. एक हॉल, मागं दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत मी, म्हणजे पाळक. आमच्या डोक्यावर ना बिशप, ना कुठलं मोठं मंडळ. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं, इथपासून भिंतींना रंग कोणता द्यायचा, इथपर्यंत सगळं सभासदांनी हात वर करून ठरतं. याचा आम्हाला मोठा अभिमान. मलाही होता.

चौऱ्याण्णव साली याच हॉलमध्ये हात वर करून आम्ही शालिकराम भाऊजींना मंडळीबाहेर काढलं. चोरी नाही, दारू नाही, बाईचं प्रकरण नाही. हजार वर्षांवरून काढलं.

शास्त्रात शेवटी शेवटी ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याची गोष्ट येते. ते राज्य कधी, कसं, यावर बॅप्टिस्टांचं चारशे वर्षांत एकमत झालेलं नाही. सुरुवातीच्या काळात इंग्लंडात काही जण तलवारी परजून बसले होते की राज्य आता आलंच. पुढं एक पिढी अशी आली, की शाळा काढा, सुवार्ता सांगा, जग सुधारत जाईल, हजार चांगली वर्षं येतील आणि मग प्रभू येईल. माझ्या आजोबांना ज्यांनी बाप्तिस्मा दिला ते या मताचे. त्यांनी शाळाच काढली. मग महायुद्धं झाली, आणि दुसरं मत जोरात आलं. जग बिघडतच जाणार, प्रभू आधी येऊन आपल्या माणसांना ढगांत उचलून घेणार, मागं राहिलेल्यांवर मोठं संकट, आणि त्यानंतर हजार वर्षांचं राज्य. तिसऱ्या मताचे लोक म्हणतात, हजार हा आकडा कॅलेंडरचा नव्हे, ख्रिस्ताचं राज्य चालूच आहे, तो येईल तेव्हा येईल, तुम्ही मोजत बसू नका. तिन्ही मतांचे लोक प्रामाणिक. आणि आम्ही काय मानतो ते सांगणारी आमची मोठी जुनी विश्वासपत्रं पाहावी, तर त्यांत हजार वर्षांवर धड एक ओळ नाही. तो येईल, मेलेले उठतील, न्याय होईल, बस.

हे सगळं मला नंतर कळलं. चौऱ्याण्णव साली मी तेहेतीस वर्षांचा होतो, सहा महिन्यांचा एक वर्ग करून नुकताच आलो होतो, आणि मला सगळं माहीत होतं. मी पांढुर्ण्याच्या एका पेंटरकडून पंधरा फुटी कापडी तक्ता रंगवून घेतला होता. डावीकडे उत्पत्ती, उजवीकडे अग्नीचं सरोवर, मधे सात डोक्यांचं, दहा शिंगांचं श्वापद. पेंटर बिचारा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्यानं विचारलं, "साहेब, शिंगं दहाच ठेवू का अजून दोन टाकू? भाव तोच राहीन." तक्त्याच्या अगदी उजव्या टोकाजवळ मी एक लाल बाण काढायला लावला होता. त्याखाली लिहिलं होतं, आपण येथे आहोत.

लोकांना तो बाण फार आवडला. त्या वर्षी आमच्या तीन घरांनी संत्र्याची कलमं लावली नाहीत. संत्रं हाती यायला पाच-सहा वर्षं जातात, तेवढा वेळ जगाकडे आहे कुठं, असा हिशोब. शेजारच्यांच्या बागा पुढं बहरल्या, आणि आमचे लोक त्यांच्याच बागांत संत्री तोडायला गेले. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

भाऊजी बोलले. शांतपणे, रविवारच्या वर्गात, पोरांना शिकवता शिकवता. "तो येणार हाय, यात शंका नाई. पण मोजू नका. मोजणं आपलं काम नाई." मी ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी मंडळीच्या नियमांत अकरावं कलम घातलं, की हजार वर्षांच्या राज्याआधी ख्रिस्त येणार असं मानणाराच या मंडळीचा सभासद. कलम मंजूर झालं. पुढच्या सभेत त्याच कलमाखाली भाऊजींचं नाव काढायचा ठराव मी मांडला आणि सगळ्यात आधी हात मीच वर केला. ते उठले, चष्मा पुसला आणि गेले. इंदू त्यांच्या मागं गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. आमच्यात एका मंडळीतून दुसरीत जायचं तर पहिलीचं पत्र लागतं. भाऊजींना नागपूरच्या एका मंडळीत जायचं होतं. तिथल्यांनी पत्र मागितलं. भाऊजींनी मला तीन पोस्टकार्डं लिहिली. काढलेल्या माणसाला पत्र देत नाहीत, हा नियम, आणि मी तेव्हा नियमांच्या प्रेमात होतो. मी उत्तरच दिलं नाही. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत वाटून घ्यायचं भोजन, आम्ही घरी एकट्यानं घेत नाही, ते मंडळीचं असतं. म्हणून मरेपर्यंत, अठ्ठावीस वर्षं, त्या माणसाला भाकरीचा तुकडा आणि पेला मिळाला नाही. दर रविवारी नवराबायको घरी गीत गात, शास्त्र वाचत आणि भाकरीची वेळ आली की उठून जात. त्यांच्या मातीला मी पांढुर्ण्याला गेलो होतो. मागं उभा राहिलो आणि दुसऱ्याच पाळकाची प्रार्थना ऐकून परत आलो.

"उद्या सभा आहेच," मी इंदूला म्हटलं. "विषय घेतो. मंडळी त्यांना क्षमा करेल."

"क्षमा कायची?"

"म्हणजे आता ते नाहीत. जुनं झालं, बाई."

"ह्यायची गलती असन तर क्षमा कर. नसन तर लिह का, काढलं तेच चुकलं." ती माझ्याकडे पाहत होती. लहानपणी मी गूळ चोरला की असंच पाहायची. "तू आता तेच मानतो न, जे हे मानत होते?"

"कोणं सांगतलं?"

"कोणी नाई. तुह्या मंडळीतला कुणाल तुहे प्रवचन मोबाइलवर टाकते न, करुणा मले लावून देते. चार वर्षं झाली आयकून राहिली मी. एकडाव बी हजार वर्षाचं नाव नाई. आधी तं तू लोकायच्या लग्नात बी तेच बोलत होता."

करुणा तिची मुलगी, रायपूरला नर्स आहे. मंगळवारी ती इंदूला कायमची घेऊन जाणार होती. पांढुर्ण्याचं घर रिकामं करून झालं होतं. एवढं एकच काम उरलं होतं.

ती खरं बोलत होती. अकरा वर्षांपूर्वी मी तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला आणि लोकांना सांगितलं की भिंतीला ओल आली आहे. ओल खरंच आली होती, पण ती काही कारण नव्हती. काय झालं होतं ते सांगणं अवघड आहे. प्रकाश पडला, आवाज आला, असलं काही नाही. मी पुरत गेलो माणसं, एकामागून एक, आणि प्रत्येक मातीला म्हणत गेलो की आता थोडेच दिवस. एके दिवशी ते म्हणताना माझी मलाच लाज वाटली. परत वाचायला बसलो, तर तक्त्यात बसतच नव्हतं काही. भाऊजींचं सगळं बरोबर होतं का, ते मला आजही ठाऊक नाही. पण मोजणं आपलं काम नाही, हे मला पटलं, आणि पटून अकरा वर्षं मी गप्प बसलो. कलम अकरा माझ्याच हातचं. ते मानत नाही म्हटलं की सभासदत्व गेलं, पाळकपण गेलं, या दोन खोल्या गेल्या. बायको जाऊन सहा वर्षं झालीत. चौसष्टाव्या वर्षी, असल्या गुडघ्यांनी, मी कुठं जाणार होतो?

"भेव वाटते तुले," इंदू म्हणाली.

"हो."

"मले बी वाटत होतं. ह्यायले नाई वाटलं." ती उठली. "मी गुणवंताबाईकडे राह्यतो. उद्या येतो."

पाणी तसंच राहिलं.

गुणवंताबाई आमच्या मंडळीतली सगळ्यात जुनी सभासद. तिची लेक चंचल एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली, त्याला पंधरा वर्षं झाली. खड्ड्याशी उभा राहून मीच म्हणालो होतो, बाई, प्रभू कोणत्याही सकाळी येईल, आणि मेलेले आधी उठतील. बाई तेव्हा रडायची थांबली. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण आज पाळकाचं काम केलं.

रविवारी उपासना झाली. सभासद चौदा, आलेले अकरा, माझ्यासकट. इंदू मागच्या बाकावर, कारण चौऱ्याण्णवनंतर तीही सभासद नव्हती. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली प्रभुभोजन झाकून ठेवलं होतं, सभेनंतर घ्यायचं होतं. कुणाल, बोरगावच्या कारखान्यात कामाला असलेला आमचा सचिव, कार्यवृत्ताची वही उघडून बसला.

मी उभा राहिलो. रात्रभर जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो, ते बरंच झालं. मी म्हटलं, "चौऱ्याण्णव साली आपण शालिकराम मास्तरांना काढलं. ते काढणं चूक होतं. मी मांडलेलं अकरावं कलमच चूक होतं. मी स्वतः ते अकरा वर्षांपासून मानत नाही, आणि तुमच्यापासून लपवत आलो. मास्तर म्हणायचे, तो येईल पण मोजू नका. आज मीही तेच म्हणतो. नियमानं आता मीही सभासद राहत नाही. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण आधी मास्तरांचं नाव परत घ्या."

मी खाली बसलो. अकरा वर्षं ज्या घटकेला भ्यालो ती ही होती. मी ओरडण्याची वाट पाहत होतो. कोणीतरी म्हणेल, आमची तीन वावरं संत्र्यावाचून राहिली त्याचं काय. कोणीतरी म्हणेल, आमच्या बापाला तुम्ही काय सांगून पुरलं.

योगेशनं घसा खाकरला. तो मंडळीचा सेवक, म्हणजे कारभारात मला हात देणारा, पन्नाशीचा, चौऱ्याण्णवमध्ये विशीत होता. त्या तीन घरांपैकी एक घर त्याचंच.

"मंग आता काय लिहायचं, पाळकसाहेब?"

"तुला काही म्हणायचं नाही?"

"आमी काय म्हणू? तुमी शिकलेले. तुमी म्हणता तं बरोबरच असन."

"तेव्हा पण मीच म्हणालो होतो."

"हाव न. तवा बी बरोबरच असन."

मला हसू यायला हवं होतं. मी विचारलं, "योगेश, तेव्हा हात का वर केला होता तू? खरं सांग."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "तुमी केला म्हणून. अन् दोन वाजले होते, भूक लागली होती." मग समजूत घालावी तसा म्हणाला, "मले तं तो तक्ताच कधी समजला नाई, साहेब. मी ते जनावर पाहत बसत होतो."

दोघंतिघं हसले. प्रेमानंच हसले. कुणाल म्हणाला, कलम अकरा रद्द, शालिकराम मास्तरांचं नाव पुन्हा घ्यायचं, आणि पाळकसाहेब तुमीच राहा, दुसरा कुठून आणू आमी. एकत्रच घेऊ न तिन्ही? मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा.

हात वर झाले. अगदी सहज, अंगावरची माशी उडवावी तसे. मीही केला. अकरा वर्षांची भीती, अठ्ठावीस वर्षांची उपासमार, आणि निकाल लागायला चहा गाळण्याएवढा वेळसुद्धा लागला नाही. त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात वाटलेली नाही. एकाही माणसाला न समजलेल्या गोष्टीवरून मी एका माणसाला उपाशी ठेवलं होतं.

"मी नाई करत," गुणवंताबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती उभी राहिली होती, काठी धरून.

"मास्तर सोन्यासारखा माणूस होता. त्यायचं नाव घ्या. पण पाळकसाहेब, माह्या चंचलीच्या खड्ड्यापाशी तुमी मले काय सांगतलं होतं? कोणत्याबी सकाळी, म्हणले होते. पंधरा वर्षं मी रोज सकाळी दार उघडून पाह्यतो. आज म्हणता, मोजू नका. मंग उद्या सकाळी मी काय करू?"

मी उत्तर शोधलं. भाऊजींनी काहीतरी सांगितलं असतं. मी म्हटलं, "माहीत नाही, बाई." अकरा वर्षांत हे पहिलं वाक्य असेल जे मी कसलीही काळजी न करता बोललो.

"मंग मी हात नाई करत," ती म्हणाली आणि बसली.

योगेश हळूच म्हणाला, "राहू द्या, म्हाताऱ्या हायेत." कुणालनं लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता वाचत होता, आम्हा सगळ्यांना वही मोठ्यानं वाचायची सवय आहे. "...ठराव सर्वानुमते मंजूर."

मी इंदूकडे पाहिलं. मला वाटत होतं तिला बरं वाटेल. नवऱ्याचं नाव परत आलं होतं, चूक कबूल झाली होती, टेबलावर भाकरी होती. ती पुढं आली, माझ्याजवळ थांबली, आणि इतक्या खालच्या आवाजात बोलली की मला वाकावं लागलं.

"ह्यायले समजून काढलं असतं न वामन, तरी मले चाललं असतं. मले वाटे, एवढ्या लोकायनं विचार करून काढलं, म्हंजे ह्यायचं काहीतरी चुकलंच असन. मी बी शंका घेतली ह्यायच्यावर. एकटी असली का घ्यायची."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग ती कुणालच्या वहीपाशी गेली. "काय लिहिलं बापा?"

"सर्वानुमते, आत्या."

"सर्वानुमते कसं? गुणवंताबाईनं नाई म्हटलं न."

कुणाल गोंधळला. "एकच होतं म्हणून..."

"मी बी एकच होती," इंदू म्हणाली. "चौऱ्याण्णव साली मी नाई म्हटलं होतं. उभी राहून म्हटलं होतं. पाह्य, लिहिलं हाय का."

कुणालला पाहायची गरज नव्हती. ते पान मला पाठ होतं. अक्षर माझं होतं, आणि त्यात सर्वानुमते असंच लिहिलेलं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीचा नकार मी कागदावर घेतलाच नव्हता. इतक्या वर्षांत मी भाऊजींबद्दल पस्तावलो, संत्र्यांबद्दल पस्तावलो, याची आठवण मला एकदाही झाली नाही.

कुणालनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं शब्द खोडला आणि लिहिलं, बाजूनं दहा, विरोधात एक, गुणवंताबाई. मग पेन थांबवून त्यानं विचारलं, "आजी, कारण काय लिहू?"

गुणवंताबाईनं थोडा विचार केला. इंदू तिच्या शेजारी जाऊन बसली होती.

"लिह का, मी वाट पाहून राहिली," गुणवंताबाई म्हणाली.

कुणालनं तसंच लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. मी सही केली.